बेवारस ठरलेले फर्मे

कारखान्यात तिला सगळे रजिस्टरबाई म्हणत. रजिस्टरं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, कपाटासकट ती रद्दीत गेली होती, तरी नाव काही सुटलं नाही. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला वाटे, हे बाईंचं आडनावच असावं. तिनेही कधी दुरुस्त केलं नाही. एकदा चिकटलेलं नाव खरवडायला गेलं की आणखी वाईट चिकटतं, हे तिला ठाऊक होतं.

कारखाना बुटांचा होता, पण दुकानात टांगलेले असतात तसल्या बुटांचा नव्हे. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कुणाची टाच जमिनीला टेकत नाही, कुणाची बोटं एकमेकांच्या अंगावर चढलेली. अशा माणसांचे बूट तिथे शिवले जात. त्यासाठी आधी त्या पायाचा फर्मा कोरावा लागतो. फर्मा म्हणजे त्या माणसाचा पायच, फक्त लाकडाचा. त्यावर कातडं ताणायचं, ठोकायचं, वाळवायचं. फर्मा एकदा जमला की माणसाला जन्मभर पुरतो. नाही जमला तर बूट कितीही देखणा असो, घालणारा चौथ्या पावलाला कोरणाऱ्याचं सात पिढ्यांचं भलं चिंततो.

कोरण्याचं काम मिस्त्रींचं. साठी कधीच ओलांडलेली, कानावर पेन्सिल, आणि बोलणं रंधा मारल्यासारखं, एका दिशेने आणि सोलत. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, पाय राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते आधी खाली बघत, मग ओळख देत.

रजिस्टरबाई सव्विसाव्या वर्षी तिथे लागली ती तिच्या अक्षरामुळे. कुणाचा कितवा फर्मा, कुठल्या मांडणीत, कुठल्या फळीवर, हे ती मोत्यासारखं लिहून ठेवी. चाळिशीला आली तेव्हा बहिणीची मुलगी कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागली होती. ती सुट्टीत आली की म्हणे, "मावशी, हे सगळं तू वहीत कशाला लिहितेस? तुझं डोकं तर प्रोग्रामरचंच आहे." मावशीने आधी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस वही घेऊन भाचीसमोर बसली, आणि दीड वर्षात कारखान्याचा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला. कातडं कापणाऱ्यांच्या टेबलावर, साहेबांच्या खोलीत, शिलाईच्या दालनात, जिथे स्क्रीन असेल तिथे तो उघडे. साहेबांनी बाहेरच्या पाहुण्यांना तो दाखवताना "आमच्या बाईंनी केलाय" म्हटलं की ती फाइलमध्ये तोंड घाली, पण कान तिकडेच असत.

त्या प्रोग्राममधून दर सोमवारी माणसांना पत्रं जात. आपले बूट तपासायची वेळ झाली आहे, दोन्ही पायांनिशी यावे. हे 'दोन्ही पायांनिशी' मिस्त्रींनी सुचवलेलं; लोक एकच दुखरा पाय दाखवून दुसरा लपवतात अशी त्यांची तक्रार. पहिल्याच वर्षी असं एक पत्र एका रंगाऱ्याच्या घरी गेलं. रंगारी तीन आठवड्यांपूर्वी वारला होता. त्याची बायको ते पत्र घेऊन आली, टेबलावर ठेवलं, त्याच्यावर बुटांचा जोड ठेवला, आणि म्हणाली, "पाय नाहीत, बूट आणलेत." एवढं बोलून ती गेली.

रजिस्टरबाईने त्या दिवशी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्रामच्या पार मुळाशी एक अट घातली. माणसांच्या नोंदींना एकच खिडकी, आणि त्या खिडकीवर पहारेकरी. ज्या नोंदीवर 'बंद' असा शिक्का आहे, ती कुणीही, कशासाठीही मागितली तरी बाहेर द्यायची नाही. पत्रासाठी नाही, यादीसाठी नाही. प्रत्येक पानावर वेगळी आठवण ठेवायची भानगडच नको. वारलेल्यांना तिने 'बंद' केलं. आणि पाच वर्षांत जे फिरकलेच नाहीत त्यांनाही 'बंद' केलं, कारण नको असलेली पत्रं कशाला पाठवायची. का बंद केलं ते शेऱ्यात लिहिलं, जुन्या वहीची सवय म्हणून. पुन्हा कुणाच्या घरी तसलं पत्र गेलं नाही. इतकं सुरळीत चाललं की पहारेकरी आहे हेच ती विसरून गेली.

त्या वर्षी साहेबांनी तळवे दाबायचं नवं मशीन घेतलं. मशीन शनिवारी येणार होतं आणि ते ठेवायला जागा एकच, फर्म्यांची खोली. निम्म्या मांडण्या रिकाम्या करायच्या होत्या.

"बेवारस फर्मे काढून टाका," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी किती दिवस लागले होते?"

"तीन आठवडे," मिस्त्री म्हणाले. "मी एक एक फर्मा उचलून दाखवत होतो आणि बाई वहीत धनी शोधत होत्या. त्यात भांडणंच जास्त झाली."

"आता भांडायला नको," रजिस्टरबाई म्हणाली. "ज्या फर्म्याला धनी नाही त्याची यादी प्रोग्रामच देईल. एका बटणाचं काम आहे."

बुधवारी तिने बटण दाबलं. सहाशे चाळीस जोड. आकडा जरा मोठा वाटला, पण तीस वर्षांचा कारखाना, म्हटलं साचले असतील. यादी छापून तिने मिस्त्रींच्या हाती दिली. मिस्त्रींनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं. नुसते आकडे. फर्म्यावर नाव कोरत नसत, आकडाच ठोकत.

"ही शाळेची हजेरी आहे का गैरहजेरी?"

"गैरहजेरी. यातल्यांची नाकं कापायची."

नाक कापणं हा कारखान्यातला जुना रिवाज होता. धनी उरला नाही की फर्म्याचा पुढचा, बोटांकडचा भाग करवतीने उडवायचा, म्हणजे घाईत कुणी त्यावर दुसऱ्याचाच बूट चढवू नये. उरलेल्या लाकडाच्या टाचा व्हायच्या. मिस्त्री हे काम स्वतःच करत. आपण कोरलेलं आपणच कापावं, परक्याच्या हाती देऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

गुरुवारी सकाळी करवत सुरू झाली. रजिस्टरबाईच्या खोलीपर्यंत तिचा आवाज येई. साडेदहाच्या सुमाराला तो थांबला, आणि मिस्त्री हातात एक डावा फर्मा घेऊन दारात उभे राहिले. अंगावर भुसा, अगदी भुवयांवरसुद्धा.

"बाई, हा कुणाचा?"

तिने यादीवरून बोट फिरवलं. "बेवारस आहे की. सातव्या पानावर."

"हा घड्याळजीचा आहे."

"कुठला घड्याळजी?"

"पुलाच्या अलीकडचा. बाहेरची दोन बोटं नाहीत त्याला, म्हणून हा इथे असा उतार दिलाय. परवाच त्याच्याकडून सेल बदलून आणला. माझ्याशी भांडला चांगला. म्हणजे जिवंत असणार."

"मिस्त्री, दोन बोटं नसलेले काय थोडे असतात?"

"असतील शंभर. असा उतार एकालाच दिलाय." त्यांनी फर्मा तिच्या की-बोर्डवर ठेवला. "तुमच्या कॉम्प्युटरने घड्याळजीला कधी पाहिलंय का? मी पाहिलंय."

तिने आकडा टाकला. पडद्यावर आलं: धनी नाही. तिने घड्याळजीचं नाव शोधलं. असा कुणी नाही. प्रोग्राम बाजूला सारून तिने त्याच्या मागची, नोंदी जिथे कच्च्या पडलेल्या असतात ती जागा उघडली. तिथे पहारेकरी नसतो. फर्म्याच्या ओळीत धन्याचा क्रमांक होता, ठळक, तिनेच भरलेला. आणि माणसांच्या यादीत त्या क्रमांकावर घड्याळजी होता. शिक्का: बंद. शेरा: पाच वर्षं आला नाही.

काखेत कळसा म्हणतात तो असा. प्रोग्रामने प्रत्येक फर्म्याला विचारलं होतं, तुझा धनी कोण? फर्म्याने क्रमांक सांगितला होता. तो क्रमांक घेऊन प्रोग्राम माणसांच्या खिडकीवर गेला, आणि तिथे तिचा स्वतःचा पहारेकरी उभा होता. त्याने 'आहे, पण दाखवत नाही' असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला, असा कुणी नाहीच. आणि धनी नाही म्हणून फर्मा बेवारस.

"किती कापले?" तिने विचारलं.

"चौदा जोड."

"थांबा."

"थांबलोय की. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

ते खुर्ची ओढून बसले. तिने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे वॉचमन तुम्हीच ठेवला आणि त्याने घरच्यांनाच आत घेतलं नाही."

"तसंच."

"मग वॉचमनला काढा."

तिलाही आधी तेच वाटलं होतं, पण भीत भीत तिने सोपा उपाय करून पाहिला. बेवारस यादीच्या पानावर लिहिलं: इथे सगळे दाखव, बंदसुद्धा. बटण दाबलं. सहाशे चाळीस. पुन्हा दाबलं. सहाशे चाळीस. अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं की तिने मोकळीक दिली ती फर्म्यांच्या खिडकीला. तिथे पहारा नव्हताच. फर्म्यावरून माणसाकडे जायची वाट आतल्या आत वेगळी जात होती, आणि ती पोचत होती त्याच जुन्या पहारेकऱ्याजवळ. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

मग तिने पहारेकरीच काढला. यादी झटक्यात खाली आली, अडतीस जोडांवर. मिस्त्री म्हणाले, "हे पटतंय." ती मात्र शेजारचं पान बघत होती. सोमवारी जाणाऱ्या पत्रांची यादी तिथे तयार होऊन बसली होती. एरवी साठ-सत्तर असत, आता साडेसहाशेच्या वर होती. मधेच कुठेतरी रंगाऱ्याचं नाव होतं, त्याच पत्त्यासकट. तिने पहारेकरी होता तिथे परत उभा केला आणि भाचीला फोन लावला.

"मावशी, जेवलीस का?" भाचीने नेहमीसारखं विचारलं.

"ते राहू दे. ऐक." आणि तिने ऐकवलं.

भाची म्हणाली, "हे सगळ्यांचं होतं गं. आम्ही पण खाल्लाय हा मार. तू खिडकी एकच ठेवलीस ना माणसांना? दोन ठेव. एक पहाऱ्याची. पत्रं, याद्या, शोध, सगळं तिथून. दुसरी उघडी, पहारा नसलेली. आणि प्रोग्रामला बजावून सांग की कुठल्याही दुसऱ्या नोंदीवरून, फर्म्यावरून, बुटावरून, मापावरून माणसाकडे जायचं असेल तेव्हा उघड्या खिडकीतूनच जायचं."

"म्हणजे क्रमांक हातात असेल तर माणूस दिसलाच पाहिजे."

"बरोबर. आणि क्रमांक नसताना नुसतं 'कोण कोण आहे' विचारलं तर बंद माणसं दिसायची नाहीत. आणि मावशी, मेलेल्यांना आणि न आलेल्यांना एकच शिक्का का मारलास?"

"पत्र दोघांनाही पाठवायचं नव्हतं म्हणून."

"पत्रासाठी एक चालेल. बाकी सगळ्याला वेगळे शिक्के हवेत."

"कळलं गं बाई. शिकवलंस तूच, आता कान पण तूच धर."

काम तासाभराचं होतं, तपासायला दुपार गेली. सहाशे चाळीसपैकी खरोखर धनी नसलेले अडतीस. दोनशे दहांचे धनी वारलेले, शेऱ्यात तसं लिहिलेलं. उरलेले तीनशे ब्याण्णव जण कुठे ना कुठे चालत होते, बहुतेक याच कारखान्याच्या बुटांतून. मग तिने कापलेल्या चौदा जोडांचे आकडे एकेक करून टाकले. दोन बेवारस. पाच वारलेले. सात जिवंत.

ती यादी घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी आधी मशीनचंच विचारलं.

"अडीचशे जोड काढता येतील. निम्मी खोली नाही होणार. उरलेल्या मांडण्या बोळात लावू."

"बोळात? बरं. आणि हे सात?"

"त्यांना फोन करून सांगते. नवे फर्मे करावे लागतील."

साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना पाणी ढवळलेलं आवडत नसे. "सांगायची घाई काय आहे? पाच वर्षं आले नाहीत. आले तर म्हणू, फर्मा तडकला. लाकूड आहे, तडकतं."

"मिस्त्रींचा फर्मा तडकत नाही, साहेब. बाहेर असं म्हटलं तर बोल त्यांना लागेल."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मग बोल कुणाला लावणार?"

"ज्याचा आहे त्याला. यादी मी काढली."

घरी संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. सून येऊन समोर बसली आणि देठं काढायची ती पानं काढायला लागली, तेव्हा त्यांनी चाळण आपल्याकडे ओढून घेतली. "काय केलंस?"

तिने सांगितलं. सासूबाईंना खिडक्या आणि पहारेकरी कळले की नाही कोण जाणे.

"लाकूडच ना? पुन्हा कोरतील."

"मिस्त्रींचे हात आता पहिल्यासारखे नाहीत, आई. एका बाईंचा फर्मा तर चार खेपांनी जमला होता. तेव्हा ते पन्नाशीचे होते."

"मग बस त्यांच्याजवळ. ज्याने सांडलं त्याने पुसायला तरी वाकावं." आणि चाळण परत तिच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "आता देठंच काढ."

शुक्रवारी तिने सात फोन केले. एक गाव सोडून गेला होता. त्याच्या भावाने निरोप देतो म्हटलं. एक जण फोनवरच ओरडला, मग थोड्या वेळाने त्यानेच फोन करून कधी येऊ म्हणून विचारलं. चारजण बरं म्हणाले, जणू असं काही होणारच होतं. सातव्या म्हणजे वाचनालयातल्या बाई, चार खेपांच्या. त्या म्हणाल्या, "मी जाणूनबुजून आले नव्हते. एकदम तीन जोड करून घेतले होते, सारखं यायला नको म्हणून. तिसरा आता झिजलाय."

"हो. तुमचं असं आहे हे मी लिहून ठेवायला हवं होतं."

"सोमवारी येते. मला उभं राहूनच काम असतं, लवकर झालं तर बरं."

सोमवारी त्या आल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, डाव्या पायाने चवड्यावर चालणाऱ्या. डावी टाच जमिनीपासून चार बोटं वर. रजिस्टरबाईने पाण्याचा पेला पुढे केला आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "चूक माझी आहे. मिस्त्रींची नाही, कॉम्प्युटरची पण नाही. मी यादी चुकीची दिली."

वाचनालयातल्या बाई पाणी प्यायल्या. "आमच्याकडे पण होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तक कपाटात असतं आणि कार्डात नसतं. फाडून नाही टाकत पण आम्ही लगेच."

रजिस्टरबाईने रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

मिस्त्रींनी स्टुलावर पाय घेतला. कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे मापाला दोन माणसं लागत, एक टेप धरायला, एक लिहायला. लिहायचं काम गेली कित्येक वर्षं कातडेवाल्यांपैकी कुणीतरी करी. त्या दिवशी रजिस्टरबाई कागद घेऊन खाली बसली. मिस्त्री टेप घट्ट करत, सैल करत, डोळे मिटून अंगठ्याने हाड चाचपत आणि आकडे सांगत. मधेच टेप त्यांच्या हातून सुटली. त्यांनी ती परत लावली. दुसऱ्यांदा आलेला आकडा पहिल्यापेक्षा दोन सुतांनी कमी.

"कुठला लिहू?"

"दोन्ही लिहा. खोटा कुठला ते लाकूड सांगेल."

पहिली खेप बारा दिवसांनी. कच्च्या बुटात पाय घालून वाचनालयातल्या बाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण मिस्त्री चेहरा बघतच नव्हते. "करंगळीकडे चावतंय," तेच म्हणाले.

"चावतंय."

"पुन्हा करू."

दुसऱ्या खेपेला टाचेखाली पोकळी राहिली. तोवर बाकीच्या सहांपैकी दोघांचे फर्मे झाले होते, एक तर पहिल्याच खेपेला बसला, त्याचं मिस्त्रींना स्वतःलाच नवल वाटलं. बोळात मांडण्या लावल्या होत्या, येताजाता सगळ्यांचे खांदे घासत आणि सगळे एकदा रजिस्टरबाईच्या खोलीकडे बघून पुढे जात. ती दर मापाला खाली बसे. दर मापाचा आकडा, मिस्त्रींनी सांगितलेला, बदललेला, पुन्हा सांगितलेला, सगळे लिहून घेई, आणि संध्याकाळी प्रोग्राममध्ये भरी, कशामुळे बदलला या कारणासकट.

तिसऱ्या खेपेच्या वेळी वाचनालयातल्या बाईंनी रजा काढली होती. बूट घालून त्या दारापर्यंत गेल्या, मग बाहेर अंगणात, मग फाटकापर्यंत. तिथे उभ्या राहून त्यांनी भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला, दोनदा. परत आल्या.

"कसा आहे?" रजिस्टरबाईने विचारलं.

"जुन्यासारखा नाही." त्यांनी वाकून नाडी सैल केली, पुन्हा बांधली. "पण चालवून घेता येईल."

मिस्त्री खाली, पायाजवळ बसलेले होते. त्यांनी मान हलवली. "चालवून घ्यायचा नाही. काढा."

"अहो, माझी ही तिसरी रजा."

"चौथ्या खेपेला येऊ नका. बाई येतील तुमच्याकडे वाचनालयात, बूट घेऊन. तुम्ही उभ्या असाल तिथेच माप घेतील. पाय दिवसभर उभा राहिल्यावर कसा सुजतो ते मला हवंय, आणि इथे तुम्ही सकाळच्या ताज्या पायाने येता." मग रजिस्टरबाईकडे न बघताच त्यांनी टेप तिच्या हातात दिली. "हाड कुठे ते मी दाखवतो. अंगठा इथे. दाबून नाही, टेकवून."

तिने अंगठा टेकवला. वाचनालयातल्या बाईंनी पाय हलवला नाही.

"आकडा?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने सांगितला. त्यांनी तिच्या हातातली टेप न काढता वरून आपलं बोट ठेवून पाहिलं, आणि मान हलवून म्हणाले, "लिहा."

"लिहायला हात कुठे आहे? दोन्ही इथे आहेत."

"मग मी लिहिते," वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, आणि कानावरची पेन्सिल द्या म्हणून त्यांनी मिस्त्रींपुढे हात केला.